लहुजी वस्ताद

'वस्ताद' हा शब्द आज मराठीत बहुधा बेरकी माणसाला लावला जातो. त्याची मूळची प्रतिष्ठा उरली आहे ती तालमींत, आणि लहुजी साळवे (१७९४-१८८१) या नावात.

जन्म पुरंदरच्या पायथ्याशी, मांग घराण्यात. वडील राघोजी १८१७च्या इंग्रजांविरुद्धच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. लहुजींनी पुण्यात तालीम चालवली. कुस्ती, लाठी, दांडपट्टा शिकवला. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबळ्यात असते, त्यामुळे मनगट वळत नाही. वार फिरतो तो खांद्यातून आणि पावलांतून. हे पुस्तकातून येत नाही, समोर वस्ताद उभा लागतो. त्या काळच्या पुण्यात जोतीराव फुले हा माळ्याचा मुलगा अशा वस्तादापुढे शिष्य म्हणून उभा राहिला, ही गोष्ट मला पट्ट्याच्या कुठल्याही हातापेक्षा धाडसाची वाटते. पुढे फुल्यांच्या शाळांत वस्तीतली मुले यावीत म्हणून लहुजी झटले.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. आपला धर्म तरी कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. वडूजसारख्या ठिकाणी हा निबंध शिकवताना मुले क्षणभर गप्प होतात. आपण मात्र तो केवळ शाळेचे फळ म्हणून शिकवतो. त्या शाळेत मुले पाठवणारी तालीम आपल्या वाङ्मयेतिहासात येत नाही, कारण वस्तादांनी काही लिहून ठेवले नाही. जयंतीच्या फलकांवर त्यांच्या हाती शस्त्र असते. शिष्य मात्र चित्रात नसतो.