श्री. कोडेक यांस अनावृत पत्र

श्री. कोडेक यांस,


नगरमध्ये लग्नसराई सरली आणि जुन्या सीडी घेऊन येणाऱ्यांची दुकानात रीघ लागली. परवा पाथर्डीकडचं ऊसतोडीला जाणारं कुटुंब आलं. कारखान्याचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात उरकलेल्या एका लग्नाची सीडी, पेटीत लुगड्याच्या घडीत जपलेली. तीत त्यांची आजी जात्यावर हळद दळताना ओवी म्हणते. आजी आता नाही आणि तिचं दुसरं शूटिंगही नाही. मोबाइलवर घ्यायला गेले तर कन्व्हर्टर म्हणे, फाइल सपोर्ट होत नाही.

माझी तक्रार इथेच आहे. एव्हीआय, एमपीफोर, एमकेव्ही हे नुसते डबे. आत चित्र कोणत्या रीतीने दाबून भरलंय ते तुमच्यावर ठरतं आणि डब्यावर तुमचं नाव नसतं. लोक सीडीतल्या फाइलीच्या नावामागचं डॅटचं शेपूट काढून एमपीफोर लावतात, तरी चालत नाही म्हटल्यावर फाइल खराब झाली समजतात आणि सीडी भंगारात देतात. त्या धडधाकट सीडींचं मला फार वाईट वाटतं.

उपकारही विसरलेलो नाही. 1993 साली व्हिडिओ सीडी ठरली आणि एमपीईजी-1 होऊन तुम्ही 352 बाय 288 ठिपक्यांत, सेकंदाला 25 चित्रांनी, तासाभराहून जास्त लग्न एका तबकडीत बसवलंत. म्हणून तर ते वाडीवस्तीवर पोचलं. पण पुढे किती रूपं घेतलीत! हँडीकॅमच्या एमटीएस फाइलीत नवरानवरी दिसतात, पण आवाज एसी-3चा असला की कित्येक फोनवर मंगलाष्टकं मुकी. 2017पासून आयफोन एचईव्हीसीत शूटिंग करू लागला. जुन्या कॉम्प्युटरवर सनई वाजते, पडदा काळाच.

आता मी आधी फाइल व्हीएलसीत लावतो. चालली की जीव भांड्यात पडतो. मग मीडियाइन्फोत तुमचं खरं नाव बघतो. चित्राचं वेगळं, आवाजाचं वेगळं. नुसता डबा बदलून भागत असेल तर एफएफएमपीईजीने तेवढंच करतो, म्हणजे चित्राला धक्का लागत नाही. नाहीच भागलं तर चित्र एच.264, आवाज एएसी. आजीची ओवी अशीच फोनवर आली. घरच्यांना मूळ डॅट फाइलही पेनड्राइव्हवर दिली, कारण दर वेळी नव्याने दाबून भरताना चित्र थोडं झिजतं.

एक मात्र खरं: शूटिंग चालू असताना बॅटरी गेली आणि एमपीफोरची अनुक्रमणिका लिहायचीच राहिली, तर तो दोष तुमचा नाही. तरी बोल तुम्हालाच लागतो.

विनंती एवढीच. नव्या रूपात खुशाल या, पण जुन्याची ओळख पुसू देऊ नका. आणि अडलात तर ‘फाइल खराब’ असं पडद्यावर येऊ न देता आपलं नाव सांगा. नाव कळलं की पुढचं आम्ही बघतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नगरचा एक व्हिडिओवाला