आत काय आहे ते छाप

यावलमध्ये डीटीपीचं दुकान चालतं ते लग्नपत्रिका, केळीच्या हिशोबपट्ट्या आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांवर. युनिकोड आलं आणि जुन्या फॉन्टातले अहवाल नव्यात आणायची कामं सुरू झाली. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडला ती नंतर लागते. पानोपानी ती हातानं कोण हलवणार? वर्डच्या मॅक्रोनं मजकूर फाईलमध्ये काढायचा, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेनं वेलांट्या जागेवर बसवायच्या, मॅक्रोनं तो परत आणायचा, ही सोय आमच्या अण्णांनी करून दिली. अण्णा भुसावळहून एसटीनं येत. रेल्वेतून निवृत्त झालेले, नात्याचे कोणी नव्हेत.

मॅक्रो अडला की ते एवढंच विचारत, "भाऊ, त्या व्हेरिएबलात आत्ता काय आहे?" अंदाज चालत नसे. किंमत चौकटी कंसात छापून दाखवावी लागे; म्हणजे नावामागे चिकटलेली रिकामी जागाही दिसते.

एकदा पर्ल सांगू लागली, '१' नावाची फाईल सापडत नाही. अशी फाईल दुकानात नव्हतीच. छापून पाहिलं तर कंसात खरोखरच १. मॅक्रोनं पाठवलेलं नाव पर्लकडे यादीत येतं. यादी घेताना डावीकडच्या व्हेरिएबलला गोल कंस नसेल, तर पर्ल नाव देत नाही, किती नावं आली ते देते. अण्णांनी कंस घातला, काम चालू झालं. मग फाईलच्या नावातल्या मोकळ्या जागेनं नावाचे दोन तुकडे केले. त्यावर उपाय दुहेरी अवतरणचिन्हांचा.

मॅक्रोच्या माथ्यावर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' आणि पर्लच्या माथ्यावर 'यूज स्ट्रिक्ट' लिहायला त्यांनीच लावलं. त्या ओळी नसतील तर स्पेलिंग चुकलेलं नाव मुकाट्यानं नवं, रिकामं व्हेरिएबल होऊन बसतं आणि अहवालातला मजकूर गायब होतो.

पैशांचा विषय काढला की म्हणत, "लॅरी वॉलनं १९८७ मध्ये पर्ल जगाला फुकट दिली. मी तुझ्याकडून काय घेऊ?" चहा मात्र घेत.

हे ऋण पैशानं फिटणारं नाही. ज्याला हे काम येतं त्यानं शेजारच्या दुकानातल्या पोराला जवळ बसवून शिकवावं, आणि फी घेऊ नये.