सदर रेडा

'सदर' हा शब्द मी आयुष्यभर 'सदर अर्जदार' आणि 'सदर फाईल' एवढ्यापुरताच वापरत आलो. गेल्या वर्षी भाऊबीजेला हैदराबादला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाले तसा भाचा म्हणाला, "मामा, कॅमेरा घ्या. आज सदर आहे!"

ताईचे घर सुलतान बाजारात. हा एकेकाळचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली इंग्रजांनी तो निजामाला परत दिला, तेव्हा हे नाव पडले. इथून पुढचेच मेट्रो स्टेशन नारायणगुडा, आणि सदरची मोठी गर्दी तिथेच. दिवाळीनंतरचा हा यादव गवळ्यांचा सण. तेलुगूत त्याला रेड्यांचाच सण म्हणतात. योगायोग पाहा, भाऊबीज म्हणजे यमद्वितीया, आणि यमाचे वाहन समोर फुलांनी मढवून उभे!

आपल्याकडे गोरवांच्या पाडव्याला आम्ही गुरे न्हाऊ घालून त्यांच्या गळ्यात पोळ्यांची माळ बांधायचो. ते घरगुती. इथे तेल चोळून चकाकणारे एकेक धूड, काही तर थेट हरियाणातून आणलेले मुऱ्हा जातीचे, आणि भोवती तीनमारचा कानठळ्या बसवणारा ताल. मालक वेसण वर खेचतो आणि तो डोंगर मागच्या दोन पायांवर उभा राहतो.

रात्री काळ्या रेड्याचा फोटो काढणे सोपे नाही. कॅमेरा सगळे उजळ करायला बघतो आणि रेडा राखाडी दिसतो. फ्लॅश मी मुद्दाम बंद ठेवला होता. जनावर बुजले तर त्या गर्दीत पळायला जागा कुठली? पहिला फोटो हलला. मी ओरडलो, "भैया, और एक बार!" मालकाने हसून पुन्हा वेसण खेचली. या वेळी फोटो साधला.

गोव्यात परतल्यावर तो संगणकावर मोठा करून पाहिला. ताणलेला दोर, वर ओढली गेलेली नाकपुडी, डोळ्याचा पांढरा भाग. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी धिरयो पाहिल्या आहेत, टाळ्याही वाजवल्या आहेत. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. पुढे कचेरीत चहाच्या वेळी विषय निघाला की बंदीच्या बाजूने तावातावाने बोलणारा मीच. सदरमध्ये झुंज नसते, आणि रेड्यावर मालकाची माया असते हे मी डोळ्यांनी पाहिले. तेलंगण सरकारने तर २०२४ मध्ये या सणाला राज्य उत्सवाचा दर्जा दिला. पण ती दुसरी वेसण सणासाठी खेचली गेली नव्हती. ती माझ्या फोटोसाठी होती.

निघताना मालकाने भाच्याच्या फोनवर फोटो पाठवायला सांगितले होते. मी दुसराच एक पाठवला. त्यात तो रेड्याचे तोंड खांद्यावरच्या पंचाने पुसतो आहे आणि रेड्याने मान त्याच्या छातीला टेकवली आहे. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत चांगला फोटो तोच.

दोन दिवसांनी भाच्याने निरोप कळवला : "साब को बोलो, वो खडा वाला भेजो."

अजून पाठवलेला नाही. परवा पुन्हा विचारणा झाली.