फोन कोण उचलणार?

लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले आणि दोन-तीन वर्षांतच एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागले. आधी हिशेब बघायचे. पुढे नवी माणसं घेण्याचं कामही माझ्याकडे आलं. कंपनी लहानच, तीसेक माणसांची. मुलाखत मी घ्यायची आणि शेवटचा होकार सेठजींनी द्यायचा, अशी पद्धत होती.

२०११ साली बिल्टीच्या नोंदी करायला माणूस हवा होता. एक मुलगी वडिलांसोबत आली. बी. कॉम. झालेली, टॅली येणारी, अक्षर मोत्यासारखं. तिला ऐकू येत नव्हतं. वडील माझे प्रश्न तिला खुणांनी सांगत होते आणि ती कागदावर उत्तरं लिहीत होती. सगळी उत्तरं बरोबर होती. तरी मी वडिलांना विचारलं, "वो सब ठीक है, लेकिन फोन कौन उठाएगा?"

ते काही बोलले नाहीत. मुलीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फाइल बंद केली. अर्जावर मी 'योग्य नाही' असा शेरा मारला.

खरी गोष्ट अशी की त्या टेबलावर फोन नव्हताच. फोन होता पलीकडच्या खोलीत, आणि तो उचलायला वेगळा माणूस होता. त्या दिवशी हे माझ्या लक्षातही आलं नाही. पुढे अकरा वर्षं आलं नाही.

२०२२ मध्ये नागपूरहून ताईचा मेसेज आला. तिचा मुलगा, माझा भाचा, जन्मापासून कर्णबधिर आहे. त्यानेही बी. कॉम. केलं, टॅलीचा कोर्स केला. चार ठिकाणी नकार मिळाला होता आणि त्या दिवशी पाचवी मुलाखत होती. ताईने एवढंच लिहिलं होतं : 'याला बघून म्हणाले, फोन कोण उचलणार?'

माझ्या हातातला चहा गार झाला. तो प्रश्न माझाच होता. मीच तो कुणाच्या तरी लेकीला विचारला होता.

दुसऱ्या दिवशी सेठजींकडे गेले आणि भाच्याबद्दल सांगितलं. सेठजी मनाने वाईट नाहीत. दिवाळीला अपंगांच्या संस्थेला देणगी देतात. ते म्हणाले, "मॅडम, मदत लागत असेल तर सांगा, देऊ. पण धंद्यात हे कसं जमणार?"

मी कायद्याचं पुस्तक काढलं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. खासगी मालकावर तशी सक्ती नाही, पण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायला हवं. आमच्याकडे असला कागदच नव्हता. सेठजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे, कागद बनवा." कागद बनवण्यापुढे गोष्ट सरकेना.

मग मी दुसरा रस्ता धरला. रात्री मोबाइलवर वाचत बसायचे. कळलं की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० पासून मोठ्या कंपन्यांचं एक जाळंच विणलं आहे, ग्लोबल बिझनेस अँड डिसॅबिलिटी नेटवर्क नावाचं. देशोदेशीचे मालक तिथे एकमेकांना आपला अनुभव सांगतात. २०१५ मध्ये त्यांनी दहा तत्त्वांची सनद केली. त्यातलं एक तत्त्व मला फार पटलं : नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आलं, तरी त्याची नोकरी टिकावी. ट्रकच्या धंद्यात हे काय असतं ते आम्ही जवळून बघितलेलं. कॅरोलिन केसी नावाच्या आयरिश बाईंनी, ज्यांची स्वतःची दृष्टी अधू आहे, २०१९ मध्ये दावोसला 'व्हॅल्युएबल ५००' ही मोहीम सुरू केली. दोन वर्षांत जगातल्या पाचशे कंपन्यांचे प्रमुख तिच्यात आले. आपल्याकडे लेमन ट्री हॉटेलवाले २००७ पासून ऐकू न येणारी माणसं कामाला घेत आहेत.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. मालक मालकाचं ऐकतो. आपण सांगितलं की त्याला ती दया वाटते. दुसऱ्या धंदेवाल्याने सांगितलं की तो हिशेब होतो.

हे सगळं मी सेठजींना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ते मोठे लोक. इथे, रायपुरात कोण करतं?"

उत्तर आमच्या गावातच होतं. समता कॉलनीत आमच्या महाराष्ट्र मंडळाचं दिव्यांग बालिका विकास गृह आहे, तिथल्या कार्यक्रमांना मी जातच असे. आणि २०१३ मध्ये प्रियांक पटेल या तरुणाने रायपुरात 'नुक्कड' नावाचा चहाचा कॅफे सुरू केला, तिथे ऐकू-बोलू न शकणारी मुलं-मुली चहा-नाश्ता देतात. एका संध्याकाळी सेठजींना तिथे घेऊन गेले. मी मुद्दाम काही बोलले नाही. चिठ्ठीवर ऑर्डर लिहून दिली. सेठजी मात्र टेबलं मोजत होते, घड्याळ बघत होते. चहा बरोबर आला, वेळेत आला, बिल चुकलं नाही. निघताना त्यांनी वाढणाऱ्या मुलाला हात जोडले, त्यानेही जोडले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "भाच्याला बोलवा. तीन महिने बघू."

भाचा आमच्याच घरी राहायला आला. ऑफिसात फार काही बदलावं लागलं नाही. त्याचं टेबल दाराकडे तोंड करून ठेवलं, म्हणजे मागून कुणी आलं तर तो दचकणार नाही. कामाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राच्या शब्दकोशाचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट बघता येतात. त्यावरून आम्ही रोज दोन खुणा शिकलो. भाच्यानेही प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं. माझं नाव म्हणजे नाकावरून घसरणारा चष्मा वर करणं. सेठजींचं नाव मिशी.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका शनिवारी संध्याकाळी, सोमवारी सुट्टी आहे असं कुणीतरी तोंडीच सांगितलं. नेमकी मी त्या दोन दिवसांत गावाला गेले होते. सोमवारी भाचा डबा घेऊन ऑफिसला गेला आणि बंद शटरसमोर दोन तास बसून परत आला. माझ्यावर तो चिडला नाही, पण दोन दिवस जेवताना समोर बघितलं नाही. कामावर घेतलं म्हणजे सामावून घेतलं असं नसतं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

तेव्हापासून प्रत्येक सूचना लिहून जाते. भाड्याचे दरही. गंमत अशी की त्याचा फायदा सगळ्यांना झाला. 'मी असं म्हणालोच नव्हतो' यावरून ड्रायव्हर लोकांची जी भांडणं व्हायची, ती कमी झाली. तीन महिन्यांनी सेठजींनी भाच्याला कायम केलं. मागच्या वर्षी ओळखीच्या एका व्यापाऱ्याला ते फोनवर सांगत होते, "अरे, आधी माझ्याकडे येऊन बघ तर." मी दाराशी उभी होते. आत न जाता तशीच परत फिरले.

त्या मुलीचा अर्ज मी जुन्या फायलींत शोधला. सापडला. माझा शेराही तसाच होता. तिच्या वडिलांचा नंबर लावला, तो आता बंद आहे. ती कुठे असेल, कुणी तिला कामावर घेतलं असेल का, कोण जाणे. माफी मागायची राहून गेली आहे.

आता मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक नवा प्रश्न विचारते : "काम नीट करता यावं म्हणून तुम्हाला इथे काय लागेल?" लोक आधी गोंधळतात. परवा एक बाई थोडं थांबून म्हणाल्या, "पाठ दुखते हो, जरा बरी खुर्ची मिळाली तर..." त्या सोमवारपासून येणार आहेत. खुर्ची मी आजच मागवली.