काहीच न करणारं प्रोटीन

मायडी-८८ स्वतः काहीच करत नाही. एन्झाइमच नाही ते. त्याचं एक टोक टोल-लाइक रिसेप्टरच्या पेशीत उतरलेल्या शेपटीला चिकटतं, दुसरं आयरॅक-४ नावाच्या एन्झाइमला. बाहेर जिवाणू आलाय हा निरोप आत पोचवणारं अ‍ॅडॅप्टर प्रोटीन.

मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे ‘हे तर मिडलवेअर’ असं म्हणायचा मोह होतो. उपमा सोपी आहे, पण अपुरी. २०१० साली या जुळणीची रचना प्रसिद्ध झाली: खाली सहा मायडी-८८, त्यावर चार आयरॅक-४, त्यावर चार आयरॅक-२. चौदा जणांचा गोल जिनाच. एकट्यादुकट्याचं काम नाही. ग्रामसभेसारखी गणपूर्ती लागते. ती झाली की आयरॅक जागे होतात आणि सूज, ताप वगैरेंची जीन्स सुरू होतात. जिवाणू नसेल तर सभा नाही.

निदान नसावी. माझ्या बाबांना वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया आहे, बी पेशींचा सावकाश वाढणारा कॅन्सर. रिपोर्टवर एक ओळ होती: मायडी-८८ एल२६५पी पॉझिटिव्ह. म्हणजे २६५व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन. डीएनएतलं एक अक्षर बदललेलं. या आजाराच्या दहातल्या जवळजवळ नऊ रुग्णांत हेच सापडतं. त्या एका अक्षरापायी मायडी-८८ बोलावणं नसतानाही जमतात आणि पेशीला ‘जगत राहा’ सांगत बसतात.

“म्हणजे मी तुला दिलंय का ते?” बाबांनी विचारलं.

नाही. हा बदल जन्माचा नव्हे, आयुष्यात कधीतरी त्यांच्या एका बी पेशीत झालेला. हे सांगताना मला किती हायसं वाटलं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मग मायडी-८८च बंद करून टाकावं? जन्मतः ते काम न करणारी मुलं पहिल्यांदा २००८ साली नोंदली गेली. बहुतेक विषाणूंना ती नीट तोंड देतात, पण न्यूमोकॉकससारखे जिवाणू लहानपणी त्यांच्या जिवावर उठतात, आणि तेव्हाही ताप फारसा चढत नाही. वय वाढतं तसा धोका कमी होतो. तोवर तगलं पाहिजे.

बाबांची गोळी, आयब्रुटिनिब, मायडी-८८ला हातच लावत नाही. ती पुढच्या बीटीके या एन्झाइमला अडवते. सभा भरतेच, निरोपही निघतो. त्याची एक वाट तेवढी बंद होते, आणि तीही रोज नव्याने करावी लागते. सकाळच्या चहानंतर बाबा गोळी घेतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक टिकमार्क करतात.