ड्युटी

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला ७३. आम्ही कुर्ल्यात, मिठीच्या काठाला. धावपट्टीसाठी नदी वळवली, वांद्रे-कुर्ल्याला भराव टाकून खाजण बुजवलं. पाणी तुंबल्यावर बोट मात्र आमच्या झोपड्यांकडं.

पाणी उतरलं. गोठ्यांतल्या म्हशी गल्लीत फुगून पडलेल्या. बा सफाई कामगार. मुकादम दारात आला, ‘चला, ढोरं उचलायचीत.’

बाबासाहेबांचं ऐकून आज्यानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. त्यापायी गाव सुटलं, मुंबई धरली.

बानं गपगुमान दोर घेतला. हातात मोजे नव्हते.

रातच्याला आला. साबणाची अख्खी वडी संपवली, तरी जेवला नाही. आजा नुसता बघत होता.

‘ड्युटी व्हती,’ बा म्हणाला.

‘गावातबी तेच म्हनायचे,’ आजा बोलला आणि भिंतीकडं तोंड करून निजला.