गाव कुठलं?

ठाण्यात माजिवडा नाक्यापासून घोडबंदर रस्त्याला लागलं, की टॉवरची कामं चालू दिसतातच. स्लॅबवर पाणी साठलेलं असतं, ड्रम उघडे असतात. मलेरियाच्या शहरी डासाला, ॲनॉफिलीस स्टिफेन्सीला, तेवढं पुरतं. म्हणून इथे पावसाळ्यात ताप आला की पॅथॉलॉजिस्ट आधी मलेरिया शोधतो आणि ते रास्तच आहे. मात्र 'निगेटिव्ह' लिहिण्याआधी जाड स्मिअरची किमान १०० फील्ड्स बघायला हवीत, आणि ताप हटत नसेल तर पुन्हा रक्त घ्यायला हवं.

एवढं करूनही काही ताप हाती लागत नाहीत. असाच एक तरुण बिगारी माझ्याकडे बोन मॅरोसाठी आला. ताप महिन्याहून जुना. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, सगळं निगेटिव्ह. अँटिबायोटिक्स देऊन झालेली. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तिन्ही घसरलेल्या आणि प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली. ब्लड कॅन्सरच्या शंकेनं घरची माणसं खचली होती.

सुई लावण्याआधी मी त्याला गाव विचारलं. बिहारमधला सारण जिल्हा. होळीला गेला होता, तो पावसाळ्याच्या तोंडावर परतला.

स्लाइड ऑइल इमर्शनखाली घेतली. मॅक्रोफेज पेशीत बारीक, लंबगोल ठिपके खच्चून भरले होते. दोन ते चार मायक्रॉनचे. अशा वेळी घाई करू नये. पेशीवर बसलेली प्लेटलेटही फसवते, हिस्टोप्लाझ्मा ही बुरशीही फसवते. प्रत्येक ठिपक्यात गोल केंद्रक आणि त्याच्या शेजारी गडद, आखूड काडी, म्हणजे कायनेटोप्लास्ट, अशी जोडी दिसली तरच निदान पक्कं. इथे ती जोडी स्पष्ट होती. लिशमन-डोनोव्हन बॉडीज. काला आजार!

१९०३ साली लिशमन यांनी डमडमहून परतलेल्या सैनिकाच्या प्लीहेतले आणि डोनोव्हन यांनी मद्रासच्या रुग्णांतले हेच ठिपके जगापुढे ठेवले. १९२२ मध्ये कोलकात्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन शोधलं आणि असंख्य जीव वाचले. आज लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बीचा किलोला १० मिलिग्रॅम असा एकच डोस बहुतेकांना पुरतो. उपचार झाले नाहीत, तर मात्र हा आजार सहसा जीवच घेतो.

बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांचा हा आजार, महाराष्ट्रातला नव्हे. म्हणूनच इथे तो कुणाच्या डोक्यात येत नाही. या आजाराचे परजीवी वाहणारी वालुमाशी गावच्या गोठ्यात चावते आणि ताप काही महिन्यांनी ठाण्यात चढतो. आरके-३९ ही पट्टीची तपासणी बोटातल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होते, पण ती सुचवायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या माझ्या डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती: ताप दोन आठवड्यांच्या वर गेला आणि प्लीहा हाताला लागली, तर पुढचं अँटिबायोटिक लिहिण्याआधी पेशंटला गाव विचारा. आणि वाचकहो, डॉक्टर विसरले तर गेल्या वर्षभरात कुठे राहून आलात, ते तुम्ही आपणहून सांगा.